कणगीची कथा हाडं मान्य करत नाहीत

मांजराच्या उगमावर नवा शोधनिबंध आला की पाठोपाठ एक आक्षेपही येतो. २००७मध्ये शास्त्रज्ञ सांगत होते की मांजर पश्चिम आशियात माणसाळलं. २०१७मध्ये त्यात इजिप्तची भर पडली. नोव्हेंबर २०२५मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेला निबंध म्हणतो की पाळीव मांजर बहुधा उत्तर आफ्रिकेतून निघालं आणि युरोपात पोचलं ते जेमतेम दोन हजार वर्षांपूर्वी. आक्षेप घेणारे विचारतात, दर काही वर्षांनी उत्तर फिरत असेल तर हजारो वर्षांच्या हाडांना भोकं पाडून डीएनए काढण्याचा हा खर्चिक खटाटोप कशाला? शेती आली, कणग्या भरल्या, उंदीर माजले, उंदरांच्या मागावर रानमांजर आलं आणि हळूहळू घरचं झालं. एवढी सरळ गोष्ट हाताशी असताना प्रयोगशाळेत आणखी काय शोधायचं राहिलं?

हा आक्षेप वरवर समंजस वाटतो, म्हणूनच त्याला सविस्तर उत्तर द्यायला हवं. त्यात दोन चुका एकमेकींच्या आधाराने उभ्या आहेत. तीन वेगवेगळ्या प्रश्नांना मिळालेली उत्तरं एकाच प्रश्नाची म्हणून मोजली गेली आहेत, ही पहिली. दुसरी अधिक गंभीर आहे. कणगीची गोष्ट पटते, म्हणून तिला पुरावा लागत नाही असं गृहीत धरलं आहे. ती गोष्ट इतकी वर्षं तपासली गेली नव्हती, कारण तपासायचं साधन नव्हतं. साधन हाती आल्यावर युरोप आणि चीन या दोन मोठ्या प्रदेशांत ती टिकली नाही. मग दोष साधनाचा की गोष्टीचा?

आधी २००७ पाहू. कार्लोस ड्रिस्कॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरच्या आणि रानच्या मिळून ९७९ मांजरांचा डीएनए तपासला. प्रश्न असा होता की जगभरची घरमांजरं रानमांजराच्या कोणत्या शाखेतून आली. एक शाखा युरोपातल्या जंगलांची आहे, एक आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडची. एक मध्य आशियापासून आपल्या राजस्थान-गुजरातपर्यंत पसरलेली, अंगावर ठिपके असलेली. आणखी एक चीनच्या कोरड्या पठारांवर राहते. पाचवी शाखा उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियातली, फेलिस लिबिका नावाची. उत्तर निःसंदिग्ध मिळालं: लिबिका. हे उत्तर २०१७ने बदललं नाही, २०२५नेही बदललं नाही. शिवाय तो अभ्यास आजच्या मांजरांवरचा होता, जुन्या हाडांवरचा नव्हता. प्राचीन डीएनएने घूमजाव केलं असं म्हणताना यादीची सुरुवात २००७पासून करणारे पहिल्याच पायरीवर चुकतात.

२०१७मध्ये क्लाउडिओ ऑट्टोनी, एव्हा-मारिया गाइग्ल, तिएरी ग्राँज आणि सहकाऱ्यांनी मात्र खरोखरच जुन्या हाडांना, दातांना आणि इजिप्तच्या ममींना हात घातला. ३५२ नमुने घेतले, त्यातल्या २०९ मांजरांनी वाचण्याजोगा डीएनए दिला. त्यांचा प्रश्न वेगळा होता: लिबिकाची पिल्लावळ कोणत्या वाटांनी आणि कधी पसरली? त्यांना दोन लाटा दिसल्या. अनातोलियाकडची, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातली, एक वंशरेखा इ.स.पू. ४४००च्या सुमारास आग्नेय युरोपात पोचलेली दिसत होती. इजिप्तकडची दुसरी वंशरेखा ग्रीक-रोमन काळात भूमध्य समुद्राभोवती फैलावली आणि सातव्या शतकात थेट बाल्टिक किनाऱ्यावरच्या राल्सविक या बंदरापर्यंत गेली. पहिल्या लाटेचा अर्थ असा लावला गेला की अनातोलियाचे शेतकरी युरोपात सरकले तेव्हा मांजरं त्यांच्याबरोबर गेली. कणगीच्या गोष्टीला हा भक्कम आधार वाटला. वाटणं स्वाभाविकही होतं.

इथे थोडं तपशिलात जायला हवं, कारण सगळा वाद याच जागी अडकला आहे. २०१७मध्ये वाचला गेला तो मुख्यतः मायटोकाँड्रियाचा डीएनए. पेशीतल्या या इवल्या घटकाचा स्वतःचा वेगळा डीएनए असतो, मांजरात सुमारे १७ हजार अक्षरांचा. पेशीकेंद्रातला डीएनए सुमारे २५० कोटी अक्षरांचा. पण केंद्रातल्या डीएनएच्या प्रती पेशीत दोनच, तर मायटोकाँड्रियाच्या शेकडो, कधी हजारो. हाड जमिनीत कुजत असताना बहुतेक सगळं नष्ट होतं, आणि जे उरतं त्यात मायटोकाँड्रियाचे तुकडे सापडण्याची शक्यता अधिक. म्हणून प्राचीन डीएनएचं संशोधन सुरुवातीला तिथूनच चाललं. दुसरा मार्ग नव्हता.

अडचण अशी की मायटोकाँड्रिया फक्त आईकडून येतो. समजा, कोकणातली एक मुलगी लग्न होऊन विदर्भातल्या गावी गेली. तिची लेक, लेकीची लेक, अशी मुलींची माळ पंचवीस पिढ्या त्याच मुलखात वाढली. पंचविसाव्या पिढीतल्या मुलीच्या मायटोकाँड्रियात कोकण शंभर टक्के दिसेल, उरलेल्या जीनोममध्ये मात्र त्या मूळ आजीचा अंश जवळपास सापडणारच नाही. तो मायटोकाँड्रिया खोटं बोलत नाही. त्याला विचारलेला प्रश्न ‘आईची आई कोण?’ एवढाच असतो, आणि त्याचं उत्तर तो बरोबर देतो. त्या उत्तरावरून संपूर्ण प्राण्याची ओळख ठरवायला निघालो तर चूक आपली.

२०२५च्या निबंधात मार्को दे मार्तिनो, ऑट्टोनी आणि त्यांच्या मोठ्या चमूने जुन्या-नव्या मिळून ८७ मांजरांचे संपूर्ण जीनोम ताडून पाहिले. आग्नेय युरोप आणि अनातोलियातली नवाश्मयुगीन मांजरं, ज्यांच्या अंगात लिबिकाचा मायटोकाँड्रिया होता, ती केंद्रातल्या डीएनएनुसार युरोपीय रानमांजरं निघाली. केव्हातरी, दोन्ही जातींचे प्रदेश जिथे भिडतात तिथे, लिबिकाच्या माद्यांचा युरोपीय बोक्यांशी संकर झाला आणि मातृवंश तेवढा पुढे वाहत राहिला. शेतकऱ्यांच्या बैलगाड्यांशी त्याचा संबंध नव्हता. घरमांजराचा खरा जीनोम युरोपात दिसू लागतो तो सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, आणि त्याचं सर्वांत जवळचं नातं उत्तर आफ्रिकेतल्या रानमांजरांशी लागतं. सार्डिनिया बेटावरच्या आजच्या रानमांजरांची कूळकथाही यातच उलगडली. ती घरातून पळालेल्या मांजरांची संतती नाहीत. वायव्य आफ्रिकेतून इ.स.पू. पहिल्या सहस्रकात रानमांजरंच तिथे नेली गेली असावीत, घरमांजरांच्या प्रसाराहून वेगळी आणि आधी.

दोन्ही निबंधांत ऑट्टोनींचं नाव आहे, हे आक्षेप घेणारे सांगत नाहीत. २०१७चा निष्कर्ष बाहेरच्या कोणी विरोधकाने उलटवला नाही. तो मांडणारा संशोधकच अधिक कठीण, अधिक महागड्या, अपयशाची शक्यता अधिक असलेल्या पद्धतीने पुन्हा त्याच हाडांच्या जगात गेला आणि स्वतःच्या विवेचनाचा अर्धा भाग मागे घ्यावा लागेल असा पुरावा घेऊन आला. उरलेला अर्धा भाग, म्हणजे इजिप्त-उत्तर आफ्रिकेकडून समुद्रमार्गे झालेला प्रसार, या तपासणीत आणखी बळकट झाला. याला कोणी ‘मत फिरणं’ म्हणत असेल तर मी म्हणेन की असं मत फिरवणाऱ्यांची आपल्याला इतिहासाच्या प्रत्येक शाखेत गरज आहे. आपल्या प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाच्या मुळावर येणारा प्रयोग हाती घ्यायला जे धैर्य लागतं, त्याला चंचलपणा म्हणणं हा अन्याय आहे.

आता कणगीकडे वळतो. या गोष्टीचा खरा कस युरोपात लागत नाही, तो चीनमध्ये लागतो.

उत्तर चीनमध्ये च्वानहूत्सुन नावाचं सुमारे ५३०० वर्षांपूर्वीचं खेडं उत्खननात मिळालं. तिथे राळ्यासारखं भरड धान्य पिकत होतं, साठवलं जात होतं, आणि कोठारांना उंदरांचा उपद्रव होता. तिथेच मांजराची हाडं सापडली. २०१४मध्ये त्या हाडांतल्या कार्बन-नायट्रोजनच्या समस्थानिकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि तो फार सुंदर होता. शेतातलं धान्य उंदरांनी खाल्लं, ते उंदीर मांजरांनी खाल्ले, अशी अन्नाची अख्खी साखळी हाडांच्या रसायनात उमटली होती. एका मांजराने मांस कमी आणि धान्य जास्त खाल्लेलं दिसत होतं. कदाचित त्याला माणसं खायला घालत असावीत. एका मांजराचे दात झिजलेले होते, म्हणजे ते म्हातारं होईपर्यंत जगलं होतं. कणगीच्या गोष्टीचं याहून नेटकं चित्र मागूनही मिळालं नसतं. घरमांजर चीनमध्ये पाच हजार वर्षांपूर्वी होतं, अशा बातम्या जगभर छापून आल्या.

दोनच वर्षांनी, २०१६मध्ये, जाँ-दनी व्हिन्य आणि सहकाऱ्यांनी चीनमधल्या त्या काळच्या मांजरांच्या जबड्यांची बारकाईने मोजमापं घेतली. ती हाडं लिबिकाची नव्हतीच. ती होती पूर्व आणि दक्षिण आशियातल्या लेपर्ड कॅटची, बिबट्यासारखे ठिपके असलेल्या छोट्या रानमांजराची. घरमांजराशी या जातीचं नातं लाखो वर्षं मागे तुटलेलं आहे. मग २०२५मध्ये ल्वो शुजिन यांच्या पेकिंग विद्यापीठातल्या गटाने चीनमधल्या १४ पुरातत्त्वीय स्थळांवरच्या २२ लहान मांजरांच्या हाडांतून डीएनए वाचला. हा काळपट्टा ५४०० वर्षांचा. त्यातून दिसलं की लेपर्ड कॅट माणसांच्या वस्तीच्या आधाराने साडेतीन हजार वर्षं राहिली. तिच्या वस्तीतल्या खुणा इ.स. १५०च्या सुमारास संपतात. खरं घरमांजर त्यानंतर कित्येक शतकांनी, इ.स. ७३०च्या सुमारास, तांग राजवटीत दिसतं, ते तोंगवान या किल्ल्याच्या शहरात. ते आलं रेशीममार्गाने, पश्चिमेकडून.

या निष्कर्षाचं वजन आक्षेप घेणाऱ्यांनी लक्षात घ्यायला हवं. चीनमध्ये कणगी होती. उंदीर होता. छोटं, चपळ, उंदीर मारणारं रानमांजर होतं. ते कणगीपाशी येत होतं, तिथे जगत होतं, म्हातारं होत होतं. गोष्टीतला एकूण एक घटक हजर होता, आणि तोही साडेतीन हजार वर्षं. तरी घरमांजर जन्मलं नाही. लेपर्ड कॅट अखेर रानात परत गेली. धान्य अधिक उंदीर अधिक मांजर बरोबर पाळीव मांजर हे समीकरण खरं असतं, तर आज चीनच्या घराघरांत ठिपक्यांचं मांजर असायला हवं होतं. जवळ राहणं आणि पाळीव होणं यांत मोठं अंतर आहे. ते अंतर कणगी भरून काढत नाही, हे चीनच्या हाडांनी दाखवलं, आणि ते दाखवायला मोजमाप, समस्थानिक आणि डीएनए तिन्ही लागले. २०१४चा रासायनिक अभ्यास अजूनही बरोबरच आहे, हेही नमूद करायला हवं. त्या प्राण्यांनी ते उंदीर खाल्ले होतेच. फक्त त्यांची जात वेगळी निघाली.

सायप्रसचं काय, असं इथे कोणीतरी हमखास विचारेल. विचारावंच. शिलुरोकांबोस इथे सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या दफनापासून अवघ्या ४० सेंटिमीटरवर सुमारे आठ महिन्यांच्या मांजराचा अख्खा सांगाडा मिळाला. २००४मध्ये ही बातमी देणारे व्हिन्यच होते. सायप्रसवर मूळची रानमांजरं नाहीत, त्यामुळे ते किंवा त्याचे पूर्वज होडीतून माणसांनी नेले हे उघड आहे. त्या माणसाचं आणि त्या मांजराचं काहीतरी नातं होतं, हे मान्य करायला मला अडचण नाही, उलट तो शोध मला फार मोलाचा वाटतो. पण एखादं पिल्लू पकडून माणसाळवणं वेगळं आणि त्याच्यापासून आजपर्यंत अखंड चालत आलेला पाळीव वंश वेगळा. माणसांनी कोल्हे, हरणं, माकडं अशी कित्येक रानटी पिल्लं सांभाळली आहेत आणि त्यातून पाळीव वंश उभा राहिलेला नाही. सायप्रसच्या त्या मांजराची वंशरेखा आजच्या मांजरापर्यंत आली असं दाखवणारा जीनोम नाही. त्या कबरीवरून घरमांजराचं वय साडेनऊ हजार वर्षं ठरवणं म्हणजे एका भेटीलाच संपूर्ण नातं मानणं होय.

मग मांजर घरात आलं कसं? इथे मला आजच्या पुराव्यापलीकडे जायचं नाही, पण पुरावा कुठे बोट दाखवतो ते सांगायला हवं. इ.स.पू. पाचव्या शतकात ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने बुबास्टिस इथल्या मांजरमुखी देवी बास्तेतच्या जत्रेचं वर्णन लिहून ठेवलं. घरातलं मांजर मेलं की इजिप्तचे लोक भुवया काढतात, हेही त्यानेच लिहिलं. त्या आणि पुढच्या शतकांत मंदिरांना वाहण्यासाठी मांजरांच्या लाखो ममी तयार झाल्या. इतकी मांजरं रानातून पकडून आणणं अशक्य होतं, ती वाढवावी लागत होती. प्राणी पिढ्यान् पिढ्या माणसांच्या गर्दीत, बंदिस्त जागेत, दाटीने वाढवले गेले की त्यांतले सोशिक, माणसाला न बुजणारे टिकतात. वंश बदलण्याची ही यंत्रणा कणगीत कुठेच नाही. कणगीपाशी मांजर येतं आणि जातं, त्याची पैदास रानातच राहते. इजिप्तच्या मंदिरांभोवती पैदास माणसाच्या हातात गेली. घरमांजराचा जीनोम उत्तर आफ्रिकेकडे बोट दाखवत असताना, आणि भूमध्य समुद्रावरची जहाजं मांजरं वाहून नेत असताना, ही शक्यता कणगीपेक्षा कितीतरी अधिक तपासण्याजोगी आहे.

आणि इथेच एक हळहळ व्यक्त करावीशी वाटते. १८९०मध्ये इजिप्तच्या बेनी हसन भागातून उकरलेल्या मांजरांच्या ममींचा एक मोठा साठा जहाजाने लिव्हरपूलला आला. वजन सुमारे १९ टन, ममी अंदाजे १ लाख ८० हजार. त्या दळून शेतात खत म्हणून टाकल्या गेल्या. मांजराच्या इतिहासाचा जो खजिना आज एखाद्या प्रयोगशाळेने प्राणपणाने जपला असता, तो इंग्लंडच्या मातीत मिसळला. जुन्या हाडाला बारीक भोक पाडून चिमूटभर भुकटी घेणं हा विध्वंस आहे असं म्हणणाऱ्यांनी हे आठवावं. आज नमुना घेण्याआधी हाडाची मोजमापं, छायाचित्रं, त्रिमितीय प्रतिमा घेतल्या जातात. कानाच्या आतल्या भागाचं घट्ट हाड निवडलं जातं, कारण त्यात डीएनए सर्वांत चांगला टिकतो. त्यातून काही मिलिग्रॅम भुकटी लागते. नमुना घेण्याचे नियम कडक असावेत, संग्रहालयांनी परवानगी विचारपूर्वक द्यावी, हे मला पूर्ण मान्य आहे. पण हाड पेटीत जपून ठेवायचं आणि त्याला प्रश्नच विचारायचा नाही, याने इतिहासाचं भलं होत नाही.

आक्षेपकांचं एक म्हणणं मात्र मी मोकळेपणाने स्वीकारतो. २०२५च्या निबंधानंतर ‘मांजर इजिप्तचंच, सिद्ध झालं’ असे मथळे झळकले. तसं सिद्ध झालेलं नाही. त्या अभ्यासातले प्राचीन जीनोम युरोप आणि अनातोलियाचे आहेत. उत्तर आफ्रिकेची बाजू आजच्या तिथल्या रानमांजरांच्या जीनोमवर उभी आहे, त्यात ट्युनिशियाची रानमांजरं सर्वांत जवळची ठरतात. निबंधाचे लेखक स्वतः ‘बहुधा’ म्हणतात, आणि तो शब्द वर्तमानपत्रांनी गाळला. इजिप्तमधल्या बास्तेतकालीन मांजरांचे संपूर्ण जीनोम वाचले गेले आणि ते आजच्या घरमांजराचे पूर्वज ठरले नाहीत, तर उगमाचा शोध पश्चिमेला किंवा पुन्हा पश्चिम आशियाकडे वळवावा लागेल. हा धोका पत्करूनच तो निबंध लिहिलेला आहे. कणगीच्या गोष्टीने असा धोका कधी पत्करला? कोणतं हाड सापडलं तर ती खोटी ठरेल, हे तिच्या पुरस्कर्त्यांनी कधी सांगितलेलं नाही.

खटाटोप कशाला, या प्रश्नाचं एक सरळ उत्तर स्कॉटलंडमध्ये आहे. तिथलं रानमांजर संपत आलं आहे, कारण ते घरमांजरांशी मिसळून गेलं. हे दोन हजार वर्षं चालत आलेलं मिश्रण आहे असं मानलं असतं, तर वाचवण्यासारखं शुद्ध काही उरलेलं नाही असा निष्कर्ष निघाला असता. २०२३मध्ये ‘करंट बायॉलॉजी’त आलेल्या दोन अभ्यासांनी, त्यांतल्या एकाने साडेआठ हजार वर्षांच्या हाडांसह, वेगळंच दाखवलं. रोमन काळापासून दोन्ही जाती एकाच बेटावर राहिल्या तरी त्या जवळपास मिसळल्याच नाहीत. संकर वाढला तो गेल्या साठ-सत्तर वर्षांत, रानमांजरांची संख्या घटून जोडीदार मिळेनासे झाल्यावर. म्हणजे हा अलीकडचा, माणसाने ओढवलेला अपघात आहे आणि तो थोपवता येण्याजोगा आहे. त्याच २०२३मध्ये केअर्नगॉर्म्सच्या डोंगरांत बंदिवासात वाढवलेली १९ रानमांजरं सोडण्यात आली. कोणतं जनावर रानमांजर मानायचं, हे ठरवायला जुन्या हाडांतल्या जीनोमचा मापदंड लागतो. प्राचीन डीएनए निरुपयोगी म्हणणाऱ्यांनी त्या डोंगरांत काम करणाऱ्यांना एकदा विचारून पाहावं.

आता आपल्याकडे. सिंधू संस्कृतीत घरमांजर होतं, भारतात मांजर स्वतंत्रपणे माणसाळलं, असं अनेकदा ठामपणे लिहिलं जातं. आधार म्हणून चन्हुदडोची वीट पुढे केली जाते. १९३५-३६च्या उत्खननात अर्नेस्ट मॅके यांना मिळालेल्या या विटेवर ती ओली असताना मांजर आणि त्यामागून कुत्रा गेल्याचे ठसे आहेत. वीट खरी आहे, ठसे खरे आहेत, आणि हजारो वर्षांपूर्वीची ती धावपळ आजही वाचता येते याचं मला अपार कौतुक आहे. पण पंजाचा ठसा वंश सांगत नाही. सिंधच्या परिसरात ठिपक्यांचं आशियाई रानमांजर होतं, पाणथळ जागांचं रानमांजरही होतं. हडप्पातल्या मांजराच्या हाडांवर ‘पाळीव’ अशी चिठ्ठी लावली गेली तेव्हा जाती ओळखायची आजची साधनं नव्हती. शिवाय २००७च्या अभ्यासाने हे दाखवलेलं आहे की आजच्या घरमांजरांच्या घडणीत आशियाई रानमांजराचा वाटा आढळत नाही. सातव्या शतकातल्या मामल्लपुरमच्या शिल्पपटात उभं राहून तप करणारं मांजर आणि त्याच्यापाशी जमलेले उंदीर आहेत. तोवर मांजर लोकांच्या चांगल्या परिचयाचं झालं होतं, एवढंच त्यावरून म्हणता येतं. स्वतंत्र भारतीय उगमाचा दावा करण्याइतका पुरावा आज नाही. अभिमानापोटी तो दावा करणाऱ्यांना माझा विरोध कणगीवाल्यांइतकाच ठाम आहे, कारण चीनमध्ये नेमका हाच दावा झाला होता आणि तो हाडांनी मोडून काढला.

भारताशी खरोखर जोडणारा एक धागा मात्र २०१७च्या निबंधातच आहे आणि त्याकडे आपलं लक्ष गेलेलं नाही. तांबड्या समुद्रावरचं बेरेनिके हे रोमन काळातलं इजिप्शियन बंदर. मान्सूनच्या वाऱ्यावर निघालेली जहाजं तिथून आपल्या पश्चिम किनाऱ्यावर येत. त्याच व्यापाराचं वर्णन करणाऱ्या ‘पेरिप्लस’ या ग्रंथात सोपारा आणि कल्याणची नावं आहेत. बेरेनिकेमध्ये पहिल्या-दुसऱ्या शतकातली पाळीव प्राण्यांची मोठी दफनभूमी मिळाली आहे. त्यात बहुसंख्य मांजरं आहेत, काहींच्या गळ्यात लोखंडी पट्टे, आणि भारतातून नेलेली माकडंही पुरलेली आहेत. तिथल्या मांजराच्या हाडात आशियाई रानमांजराची मातृवंशरेखा आढळली. एखादी मांजरी जहाजातून भारताच्या बाजूने तिकडे गेली असेल, ही शक्यता आहे. शक्यताच म्हणायची, कारण हाही मायटोकाँड्रियाचा पुरावा आहे आणि मायटोकाँड्रियावर सगळी इमारत उभी केली की काय होतं ते वर पाहिलंच. पण जी जहाजं तिकडे जात होती तीच इकडे येत होती. घरमांजर सोपाऱ्याच्या धक्क्यावर कधी उतरलं, हा प्रश्न आता नीट विचारता येण्याजोगा झाला आहे.

तो सुटायला कठीण आहे. आपल्या उष्ण-दमट हवेत डीएनए लवकर विरतो. हडप्पाकालीन राखीगढीत वसंत शिंदे आणि सहकाऱ्यांनी साठांहून अधिक मानवी नमुने तपासले तेव्हा फक्त एका स्त्रीच्या सांगाड्यातून उपयोगी जीनोम मिळाला, आणि तो २०१९मध्ये ‘सेल’मध्ये प्रसिद्ध झाला. पण एक मिळाला, आणि एकानेही खूप सांगितलं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात इनामगावच्या उत्खननापासून प्राण्यांच्या हाडांच्या अभ्यासाची परंपरा आहे. अशा संस्थांच्या आणि पुरातत्त्व खात्यांच्या संग्रहांत जिथे जिथे ‘मांजर’ अशी नोंद असलेलं हाड असेल, तिथे आधी जबड्याची आणि कवटीची मोजमापं घेऊन जात पुन्हा ठरवावी. मग हाडाचंच रेडिओकार्बन वय काढावं, थराच्या वयावर विसंबू नये, कारण बिळांतून हाडं खालच्या थरांत घसरतात. आणि कानाचं घट्ट हाड उपलब्ध असेल तर त्यातून जीनोमचा प्रयत्न करावा, निदान कोकण आणि गुजरातच्या बंदरांच्या उत्खननातल्या हाडांपासून सुरुवात करून.